विश्व सिंग्युलॅरिटीतून सुरू झालं का, हे घरातल्या पोरांना कसं समजावून सांगायचं

मागच्या दिवाळीत भाची सांगलीला आली होती, नववीत आहे, पुढ्यात फराळाचं ताट आणि एकदम प्रश्न, आत्या, सगळं विश्व एका टिंबातून आलं म्हणतात तर ते टिंब होतं कुठं? मी चकल्या तळत होते, उभ्या उभ्या सांगून टाकलं की हो गं, एक बिंदू होता, भयंकर गरम, त्याचा स्फोट झाला आणि सगळं पसरलं. ती गप्प बसली पण पटलेलं नव्हतं, चेहऱ्यावर दिसतंच की. आणि रात्री मलाच चैन पडेना, कारण मी जे बोलले त्यातलं निम्मं पक्कं आहे आणि निम्मं कुणालाच माहीत नाही, आणि मी दोन्ही एकाच दमात, एकाच खात्रीनं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघी नीट बसलो. त्यानंतर माझ्या शिकवणीतल्या नववी-दहावीच्या दोन बॅचना पण मी हे त्याच क्रमानं सांगितलं, कुठं अडतात ते कळलं, म्हणून लिहून ठेवतेय. कुणाला घरी करायचं असेल तर करा, दोन संध्याकाळी पुरतात. सामान म्हणाल तर शिंप्याकडं मिळतं ते रुंद इलॅस्टिक हातभर, शर्टाची सहा बटणं, पट्टी, साधा कॅल्क्युलेटर आणि वही.

सुरुवातीलाच एक गोष्ट पोरांकडून वहीत लिहून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. बिग बँग आणि सिंग्युलॅरिटी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिग बँग म्हणजे विश्व एके काळी अतिशय दाट आणि गरम होतं आणि तेव्हापासून प्रसरण पावत थंड होत आलंय, ह्याला भक्कम पुरावे आहेत. सिंग्युलॅरिटी म्हणजे तेच गणित आणखी मागं मागं नेलं की जिथं घनता अनंत येते आणि समीकरणं पुढं चालायची थांबतात ती जागा. पहिली गोष्ट बघून कळलेली आहे, दुसरी हिशोबातून निघालेली आहे. दोन्हींमध्ये रेघ मारून घ्या.

आणि महास्फोट हा शब्द शक्यतो टाळा. शब्द झकास आहे पण पोरांच्या डोळ्यासमोर लगेच सुतळी बाँब येतो, मधे बाँब, बाजूला मोकळी जागा, आणि तुकडे उडाले. तसं काही झालेलं नाही. इंग्रजीतला शब्दसुद्धा ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर वापरला आणि त्यांना स्वतःला ही कल्पना अजिबात मान्य नव्हती. तरी नाव चिकटलं.

आता इलॅस्टिक घ्या. दोन-दोन सेंटिमीटरवर एकेक बटण शिवा आणि प्रत्येकाला रेल्वे स्टेशनचं नाव द्या, सातारा, कराड, किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगली, मिरज. अंतरं खरी नाहीत, चालतंय. एकानं एक टोक, दुसऱ्यानं दुसरं टोक धरायचं आणि बरोब्बर दुप्पट होईपर्यंत ताणायचं. मग सांगलीच्या बटणावर बोट ठेवून मोजायला लावा. भिलवडी २ सेंटिमीटरवर होतं ते ४ वर गेलं, म्हणजे २ नं लांब गेलं. किर्लोस्करवाडी ४ वरून ८, म्हणजे ४ नं. कराड ६ नं, सातारा ८ नं. जेवढं लांबचं तेवढं जास्त पळालं. मग पोरगं म्हणतं, म्हणजे सांगली मधे आहे! इथं काही बोलू नका, फक्त बोट उचलून कराडवर ठेवा आणि पुन्हा मोजायला सांगा. तिथूनही तेच दिसतं. माझी भाची इथं थांबली, तिनं मिरजेवर आणि साताऱ्यावर बोट ठेवून परत परत मोजलं, मग म्हणाली म्हणजे मधलं असं कुणी नाहीच. बास, एवढंच पाहिजे होतं.

बटणच का, पेनची खूण का नको, तर खूणही इलॅस्टिकबरोबर पसरते, बटण पसरत नाही. तसंच आकाशगंगा, सूर्यमाला, आपलं घर हे काही फुगत नाही, गुरुत्वाकर्षणानं किंवा अणूंच्या ओढीनं धरून ठेवलेलं असतंय. आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे जे प्रचंड मेळे असतात त्यांना दीर्घिका म्हणतात, इंग्रजीत गॅलेक्सी. प्रसरण होतं ते दीर्घिकांच्या एका समूहापासून दुसऱ्या समूहापर्यंतच्या जागेचं. फुग्याचं उदाहरण पुस्तकात सगळीकडं असतं पण मी ते सोडून दिलंय, कारण प्रत्येक पोरगं विचारतंच की फुग्याच्या आत काय आहे, आणि मग तासभर त्यातच जातो.

हे प्रत्यक्षात कुणी बघितलं तर व्हेस्टो स्लिफर यांनी १९१२ पासून दीर्घिकांचे वर्णपट, म्हणजे त्यांच्या प्रकाशाचे सुटे केलेले रंग, घ्यायला सुरुवात केली, त्यावरून वेग कळतो, आणि बहुतेक दीर्घिका आपल्यापासून लांब पळताना दिसल्या. आईन्स्टाईनच्या समीकरणांतून विश्व प्रसरण पावू शकतं हे फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये काढलं, लेमैत्र यांनी १९२७ मध्ये ते निरीक्षणांशी जोडलं, आणि हबल यांचा अंतर आणि वेगाचा निबंध आला १९२९ मध्ये. सांगलीत कृष्णेवरचा आपला आयर्विन पूल झाला तेच साल. हे मी मुद्दाम सांगते, पोरांना तारीख लक्षात राहते आणि पूल पुढं आपल्याला लागणारच आहे.

आता हिशोब, हा पोरांनी स्वतःच करायचा. आजच्या मोजणीनुसार १० कोटी प्रकाशवर्षं लांब असलेली दीर्घिका प्रसरणामुळं सेकंदाला साधारण २१५० किलोमीटरनं लांब जाते. एक प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश वर्षभरात जेवढं जातो ते अंतर, ९.४६ लाख कोटी किलोमीटर. अंतर भागिले वेग केलं आणि सेकंदांची वर्षं केली की उत्तर येतं १४०० कोटी वर्षांच्या आसपास. मग २० कोटी प्रकाशवर्षांवरची घ्या, तिचा वेग दुप्पट, उत्तर तेच. ३० कोटीची घ्या, परत तेच. प्रत्येक दीर्घिका सांगतेय की एवढ्याच वर्षांपूर्वी आपण सगळे एकत्र होतो. खरं वय १३८० कोटी वर्षं धरतात, कारण वेग कायम एकच नव्हता, आधी कमी होत गेला आणि नंतर वाढायला लागला, पण जवळ जवळ तेवढंच येतं. हा हिशोब वहीत स्वतःच्या अक्षरात झाला ना की पोरांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

पण इथं अजून टिंबाचं नाव काढायचं नाही. आधी पुरावा. जुन्या टीव्हीवर चॅनल लागला नाही की मुंग्या यायच्या, पोरांनी बघितलं नसेल पण आजी-आजोबांना विचारा. त्या मुंग्यांमधला एक बारीकसा भाग म्हणजे विश्वाच्या बाल्यावस्थेतला प्रकाश, ताणून ताणून मायक्रोवेव्ह झालेला. पेन्झियस आणि विल्सन या अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांना १९६४ मध्ये न्यू जर्सीतल्या त्यांच्या अँटेनात ही खरखर सापडली, कुठंही तोंड फिरवा तेवढीच. कबुतरांची घाण असेल म्हणून त्यांनी आतून अँटेना साफसुद्धा केली, खरखर गेली नाही. १९७८ मध्ये नोबेल मिळालं. हा प्रकाश निघाला तेव्हा विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं होतं आणि तापमान ३००० केल्विनच्या आसपास. तेव्हापासून विश्व साधारण ११०० पट ताणलं गेलंय. ३००० भागिले ११०० करायला सांगा. २.७ येतं, आणि आज मोजलेलं तापमान २.७ केल्विनच आहे, म्हणजे उणे २७० सेल्सियस. ह्याच्याही मागं, पहिल्या काही मिनिटांत हेलियम तयार झाला, वजनानं पाव हिस्सा, आणि जुन्या वायूत मोजलं तर तेवढाच सापडतो. म्हणजे पहिल्या मिनिटांपर्यंत आपल्या पायाखाली जमीन आहे. आणि प्रवेगक यंत्रांत सूक्ष्म कणांच्या ज्या प्रचंड वेगानं टकरी घडवतात त्यांच्यामुळं सेकंदाच्या एक लाख-कोटीव्या भागाच्या वेळचं पदार्थविज्ञानसुद्धा माहितीतलं आहे. ह्याला मी भक्कम म्हणते.

मग उरलं काय? तो सगळ्यात पहिला क्षण. आणि इथंच मला आपली कृष्णा उपयोगी पडली.

पावसाळ्यात सांगलीतलं प्रत्येक पोरगं उठल्या उठल्या विचारतं, आयर्विनला किती फूट? ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे इथं पाढ्यांसारखं पाठ असतंय, २०१९ ला तर ५७ च्या वर गेलं होतं. तर वहीत असं मांडा. समजा आत्ता पातळी ४० फूट आहे आणि तासाला अर्धा फूट चढतेय. उलटं मोजत जा. काल ह्याच वेळी २८ फूट, परवा १६. आणखी मागं गेलं तर ८० तासांपूर्वी बरोब्बर शून्य. आता पोरांना विचारा, म्हणजे तीन दिवस आणि आठ तासांपूर्वी कृष्णा नदी जन्माला आली का?

सगळी हसतात, पण मग गप्प होतात, कारण गणित तर चुकलेलं नाही. चुकलं काय ते त्यांनाच शोधू द्या. माझ्या बॅचमधल्या एकीनं सांगितलं, बाई, आधी पाणी अर्ध्या फुटानं चढत नव्हतं, पाऊस नव्हता, कोयनेतून सोडलं नव्हतं, तेव्हा नदीचा नियमच वेगळा होता. अगदी हेच! शून्य आलं ते नदीला नाही आलं, आपल्या हिशोबाला आलं. काल आणि परवापर्यंतचा हिशोब खरा, नोंदी आहेत. त्याच्या मागं तोच दर लावत जायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

सिंग्युलॅरिटीचं असंच आहे. आईन्स्टाईनचा सामान्य सापेक्षता सिद्धांत, म्हणजे त्यांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, घेऊन मागं जात राहिलं की शून्य काळाला घनता अनंत येते. घनता का वाढते तर खोक्याची बाजू निम्मी केली की तेवढाच माल आठव्या हिश्श्याच्या जागेत बसतो, घनता आठपट. कॅल्क्युलेटरवर १ भागिले ०.१ करा, मग ०.०१, मग ०.००१, उत्तर वाढत जातं, आणि शेवटी १ भागिले ० केलं की पडद्यावर एरर. ती एरर ही वस्तू नाही, ते यंत्र सांगतंय की माझ्याकडं याचं उत्तर नाही. पण त्याच्या आधीच दुसरी अडचण येते. अगदी सूक्ष्म, अणूंच्या पातळीवर वेगळे नियम चालतात, त्यांना क्वांटमचे नियम म्हणतात, आणि सामान्य सापेक्षतेत ते धरलेलेच नाहीत. ही हद्द कुठं येते तर प्लँक काळापाशी. पोरांना लिहायला लावा, शून्य, दशांश चिन्ह, मग ४३ शून्यं, मग ५, इतके सेकंद. लिहिताना हात दुखतो आणि किती बारीक ते कळतं. त्या हद्दीच्या मागं गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम दोन्ही एकत्र घेणारा सिद्धांत लागतो आणि तो अजून पूर्ण तयार नाही.

एक मात्र पोरांना प्रामाणिकपणे सांगा, नदीचं उदाहरण एका ठिकाणी तुटतं. नदी आधी होती हे बघणारी माणसं आहेत, विश्वाच्या बाबतीत तसं कुणी नाही. त्यामुळं शून्याच्या आधी काहीतरी होतंच, असंही ह्यावरून सिद्ध होत नाही. फक्त एवढंच की शून्य आलं म्हणून जन्म झाला, हे म्हणता येत नाही.

हुशार पोरं इथं एक शंका काढतात आणि ती शास्त्रज्ञांनीही काढली होती. गोट्या सगळ्या अचूक मध्यावर नेम धरून मारल्या तर एका बिंदूत आदळतील, पण नेम जरा चुकला तर एकमेकींच्या बाजूनं निघून जातील. मग विश्व पण मागं जाताना असंच हुकत असेल, ते टिंब म्हणजे फक्त आपण सगळं अगदी एकसारखं धरल्यामुळं आलेलं असेल. ह्यावर पहिलं मोठं काम कोलकात्याच्या अमल कुमार रायचौधुरी यांचं, १९५५ चं. सगळ्या दिशांना एकसारखं असं काही गृहीत न धरता त्यांनी दाखवलं की गुरुत्वाकर्षण ओढत असेल तर वाटा एकमेकींकडं वळतातच. त्यांचं समीकरण आज जगभर त्यांच्याच नावानं शिकवतात. त्याच्या आधारावर पेनरोज यांनी १९६५ मध्ये कृष्णविवरांसाठी प्रमेय मांडलं, हॉकिंग यांनी ते विश्वाला लावलं आणि १९७० मध्ये दोघांनी मिळून पक्कं केलं, की गोट्या हुकवूनही सुटका नाही. पेनरोज यांना २०२० मध्ये नोबेल मिळालं तेव्हा हॉकिंग आणि रायचौधुरी दोघंही हयात नव्हते. रायचौधुरींचं नाव आपल्या पोरांना माहीतच नसतं ह्याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते.

पण प्रमेयाला अटी असतात, दहावीच्या भूमितीत असतात तशाच. ह्याची अट अशी की गुरुत्वाकर्षण कायम ओढणारंच हवं, आणि क्वांटम धरायचं नाही. आता १९८० च्या सुमारास स्टारोबिन्स्की आणि गुथ यांनी मांडलं की अगदी सुरुवातीच्या क्षणात विश्व प्रचंड वेगानं फुगलं असावं, त्याला इन्फ्लेशन म्हणतात. त्या काळात गुरुत्वाकर्षण ओढण्याऐवजी ढकलतं, म्हणजे अट मोडली, प्रमेय जसंच्या तसं लागू राहत नाही. पुढं २००३ मध्ये बोर्ड, गुथ आणि विलेंकिन यांनी दाखवलं की सरासरी प्रसरणच पावत असलेलं विश्व मागं अनंतापर्यंत नेता येत नाही, कुठंतरी वर्णन संपतं. पण त्या टोकाला काय आहे, सिंग्युलॅरिटीच आहे का, हे ते प्रमेय सांगत नाही. आणि खुद्द हॉकिंग नंतर म्हणायला लागले की क्वांटम धरलं तर सिंग्युलॅरिटी राहतच नाही, १९८३ मध्ये हार्टल यांच्याबरोबर त्यांनी असं विश्व मांडलं ज्याला सुरुवातीची कडाच नाही. दक्षिण ध्रुवाच्या दक्षिणेला काय असं विचारता येत नाही, तसं त्याच्या आधी काय हे पण विचारता येत नाही.

दुसरी वाट आपल्या माणसाची. अभय अष्टेकर, जन्म धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचा, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात काम. गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम एकत्र आणायचा एक प्रयत्न म्हणजे लूप क्वांटम ग्रॅव्हिटी, तिच्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यात जागेलाच सुटे, मोजता येणारे तुकडे असतात, त्यामुळं घनता एका मर्यादेपलीकडं जाऊच शकत नाही. मागं जाताना विश्व त्या मर्यादेला टेकतं आणि चेंडूसारखं उसळतं, म्हणजे आधी एक आकसणारं विश्व होतं. पोरांना हे भारी आवडतं, पण लगेच सांगा की निरीक्षणातून ह्याला अजून पुष्टी मिळालेली नाही.

आणि नारळीकर सरांचं सांगितल्याशिवाय मला पुढं जाताच येत नाही. जन्म कोल्हापूरचा, इथून पन्नासएक किलोमीटर. त्यांनी हॉईल यांच्याबरोबर उभी केलेली बाजू अशी की विश्वाला सुरुवातच नाही. १९९३ मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी तो सिद्धांत सुधारून पुन्हा मांडला, विश्व लहानमोठं होत राहतं पण सुरुवात नाही. मायक्रोवेव्ह प्रकाशाच्या पुराव्यामुळं बहुतेक शास्त्रज्ञांनी तो स्वीकारला नाही, हे पोरांना स्पष्ट सांगायचं. पण सगळे एका बाजूला असताना ते मे २०२५ मध्ये जाईपर्यंत आपले प्रश्न विचारत राहिले, हेही तेवढंच सांगायचं.

आता नेहमी येणारे दोन प्रश्न.

भाचीचाच पहिला, ते टिंब कुठं होतं? इलॅस्टिक परत हातात द्या. आपल्याला दिसणारं विश्व आज सगळ्या बाजूंनी ४६५० कोटी प्रकाशवर्षांपर्यंत आहे, आणि ते एके काळी खरोखर अगदी चिमुकलं होतं. पण ते पूर्ण विश्व नाही, दिसणारा तुकडा आहे. हे इलॅस्टिक दोन्ही बाजूंनी संपतच नाही असं समजा आणि सगळं निम्मं आकसवा. सांगली-मिरज जवळ आले, पण इलॅस्टिक अजूनही न संपणारंच. विश्व अनंत असेल तर ते सुरुवातीलाही अनंतच होतं, फक्त दाट. त्यामुळं कुठं याचं उत्तर, सगळीकडं. तुझ्या नाकासमोर पण. भाचीनं नाकासमोर बोट धरून बघितलं.

दुसरा प्रश्न आमच्या घरात आजोबांनी विचारला, मग देवानं केलं का? मी लेमैत्र यांची गोष्ट सांगते. ते स्वतः धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोपनी ह्या सिद्धांताचा संबंध बायबलातल्या निर्मितीशी जोडला तेव्हा लेमैत्र यांना ते आवडलं नाही, दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवा असं त्यांचं म्हणणं होतं. आजोबांना हे पटलं, निदान त्यांनी पुढं वाद घातला नाही.

शेवटी पोरगं विचारणारच, मग सिंग्युलॅरिटी होती की नाही, एका शब्दात सांग. एका शब्दात सांगू नका. माझं उत्तर असं असतं, दाट गरम सुरुवात होती, ही खात्री. अनंत घनतेचा खराखुरा क्षण होता, हे मला पटत नाही, आणि ह्या विषयातल्या अनेकांचं मत तसंच आहे की ती सिद्धांताची हद्द आहे. पण तिच्या पलीकडं काय, ते अजून कुणी दाखवलेलं नाही. माझं मत आणि पुरावा, दोन्ही वेगळ्या रंगाच्या पेननं लिहून घेते.

दुसऱ्या संध्याकाळी गच्चीवर न्या, जमलं तर शहराच्या उजेडापासून लांब, आम्ही दंडोबाच्या डोंगराकडं गेलो होतो. दिवाळीनंतर अमावस्येच्या जवळचा दिवस बघा, रात्री आठ-नऊला शर्मिष्ठा तारकासमूहाचा इंग्रजी एम अक्षरासारखा आकार डोक्याच्या उत्तरेला सापडतो, तिच्या जवळच देवयानी तारकासमूहात एक धुरकट पुंजका दिसतो, दुर्बीण असली तर चांगलंच, नसली तरी डोळा जरा बाजूला ठेवून बघितलं की दिसतो. ती देवयानी दीर्घिका, २५ लाख प्रकाशवर्षांवर. ती मात्र आपल्याकडं येतेय, लांब जात नाही, जवळच्यांची ओढ प्रसरणापेक्षा जास्त असते म्हणून. पोरगं स्वतःहून विचारतंय का बघा, आत्या, मग ही लांब का जात नाही? माझ्या भाचीनं विचारलं, आणि तिनंच बॅगेतून इलॅस्टिक काढून दोन बटणं एकाच टाक्यात कशी शिवायची ते बघायला सुरुवात केली.